अकराव्या गुणसूत्रावरचे ऋण

जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोमइंडिया' प्रकल्पाची जनुकीय विदा संशोधकांसाठी खुली करण्यात आल्याची घोषणा झाली. देशभरातील २० संस्था, १०,००० निरोगी भारतीयांचे संपूर्ण जनुकसंच आणि हा ठेवा सांभाळणारे फरीदाबादचे भारतीय जैविक विदा केंद्र, असे त्या बातमीचे स्वरूप होते. भर आकड्यावर होता आणि आकडा अभिमान वाटावा असाच आहे. या विदेचा उपयोग नेमका कोणाला होणार, हा प्रश्न मात्र बातमीच्या चार ओळींत मावणारा नव्हता. त्याचे उत्तर शोधायचे असेल तर माणसाच्या अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाची हकीकत पाहावी. तिच्यात लाखांचे आकडे अगदी शेवटी येतात. सुरुवातीला आहेत ती काही अंध मुले, एक-दोन कुटुंबे आणि एक मासेमारीचे गाव.

हाडांविषयी आपल्या मनात रुजलेली कल्पना दगडाची किंवा चुन्याची असते. हाड म्हणजे कॅल्शियम, आणि ते कमी पडले की गोळी घ्यावी, एवढ्यावर सर्वसाधारण समज थांबतो. प्रत्यक्षात जिवंत हाड हे अखंड चालू असलेले बांधकाम आहे. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुने हाड विरघळवून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी तेथे नवे हाड रचतात. कॅल्शियम ही या बांधकामावरची वीट होय. विटांचा ढीग कितीही मोठा असला तरी कोठे, किती आणि केव्हा बांधायचे हा हुकूम गवंड्यापर्यंत पोहोचलाच नाही, तर भिंत उभी राहत नाही. हा हुकूम स्वीकारणाऱ्या रेणूंपैकी एक महत्त्वाचा रेणू ऑस्टिओब्लास्टच्या पृष्ठभागावर बसलेला असतो. त्याचे नाव एलआरपी-५.

हे ग्राही प्रथिन १,६१५ अमिनो आम्लांची लांबलचक साखळी आहे. तिचा बहुतांश भाग पेशीच्या बाहेर, एक छोटा तुकडा पेशीपटलातून आरपार आणि शेपूट पेशीच्या आत अशी तिची ठेवण असते. बाहेरच्या भागात साखळीची घडी पडून पंख्याच्या पात्यांसारख्या चार रचना एकाखाली एक तयार झालेल्या असतात. विंट कुळातील संदेशवाहक प्रथिने पेशीजवळ आली की ती एकाच वेळी दोन ग्राहींना धरतात. एक ग्राही फ्रिझल्ड नावाचा आणि दुसरा एलआरपी-५ किंवा त्याचे भावंड एलआरपी-६. दोघे असे जवळ आले की पेशीच्या आत एक यंत्रणा थांबते. एरवी ही यंत्रणा बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन तयार होताच नष्ट करत असते. ती थांबल्यावर बीटा-कॅटेनिन साठू लागते, केंद्रकात शिरते आणि हाड रचण्यासाठी लागणारी जनुके जागी करते. येथे आज्ञा देण्याची रीत मोठी विलक्षण आहे. पेशी 'बांध' असे थेट सांगत नाही. बांधण्याची आज्ञा सतत पुसून टाकणारा हात ती क्षणभर धरून ठेवते.

आज ही माहिती पाठ्यपुस्तकात सापडते. १९९८ मध्ये एलआरपी-५ चे जनुक प्रथम वेगळे करण्यात आले, तेव्हा मात्र त्याचा हाडांशी काही संबंध असेल अशी कोणाला कल्पना नव्हती. त्याच्याकडे लक्ष गेले ते पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी निगडित असलेल्या गुणसूत्रखंडात ते सापडले म्हणून. कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या कणांना पकडणाऱ्या ग्राहीशी त्याचे साम्य होते आणि त्यावरूनच त्याला नाव मिळाले. नाव एका कामावरून, संशय दुसऱ्याच आजारावरून आणि खरे काम तिसरेच, अशा अवस्थेत हे जनुक असताना त्याची ओळख पटवून दिली ती काही आजारी मुलांनी.

ऑस्टिओपोरोसिस-स्यूडोग्लायोमा हा अत्यंत दुर्मिळ आनुवंशिक आजार आहे. अशी मुले जन्मतः अंध असतात किंवा पहिल्या काही वर्षांत त्यांची दृष्टी जाते. त्यांची हाडे इतकी ठिसूळ असतात की चालता-खेळता मोडतात. वाकलेले पाय आणि खचलेले मणके घेऊन ती वाढतात. गर्भावस्थेत डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या तात्पुरत्या वाहिन्या पुढे विरून जायला हव्यात. या मुलांत त्या नीट विरत नाहीत आणि दृष्टिपटलाच्या वाहिन्यांची वाढही खुंटते. डोळ्यातील तो पांढुरका गोळा अर्बुदासारखा भासतो, म्हणून आजाराच्या नावात 'खोटे अर्बुद' अशा अर्थाचा शब्द आला. डोळा आणि हाड या दोन दूरच्या अवयवांना एकत्र बांधणारा धागा कोणता, हे कोडे कित्येक वर्षे सुटले नव्हते. २००१ मध्ये मॅथ्यू वॉर्मन आणि अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या कुटुंबांचा अभ्यास करून उत्तर दिले. या मुलांत एलआरपी-५ जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होत्या. ज्यांची एकच प्रत बिघडलेली होती त्या आईवडिलांच्या हाडांचे वस्तुमानही कमी भरत होते. म्हणजे हा ग्राही जितका, तितके हाड, असे जवळजवळ सरळ प्रमाण दिसून आले.

पुढच्याच वर्षी याच जनुकाची उलटी बाजू समोर आली. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, ओमाहा येथील क्रेटन विद्यापीठातील संशोधक एका कुटुंबाचा अभ्यास करत होते. या कुटुंबातील काही व्यक्तींची हाडे आकाराने अगदी सामान्य, परंतु विलक्षण घट्ट होती. हा गुण अकराव्या गुणसूत्राच्या त्याच भागाशी जोडलेला आहे, हे त्यांनी १९९७ मध्येच दाखवले होते. २००२ मध्ये नेमके कारण हाती आले. एलआरपी-५ च्या साखळीतील १७१ व्या जागी ग्लायसिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसले होते. त्याच वर्षी येल विद्यापीठातील एका गटाला दुसऱ्या एका कुटुंबात हुबेहूब हाच बदल आढळला. जबड्याची रुंदी आणि टाळूवरचा हाडाचा उंचवटा सोडला तर त्या कुटुंबातील माणसे निरोगी होती. त्यांची तक्रार फार तर एवढीच, की पोहताना तरंगत राहणे त्यांना जड जाते. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे वाचून आर्किमिडीज आठवल्यावाचून राहणार नाही. मानवी शरीराची सरासरी घनता पाण्याच्या घनतेच्या इतकी जवळ असते, की हाडे थोडी अधिक भरीव झाली तरी पारडे बुडण्याच्या बाजूला झुकते. साखळीतील एका दुव्याचा बदल पोहण्याच्या तलावात जाणवावा, हा निसर्गाचा मोठा नेमका हिशेब म्हणावा लागेल.

मात्र एका अमिनो आम्लाने एवढे साधते कसे? १७१ वी जागा ग्राहीच्या सर्वांत वरच्या पात्यांच्या पंख्यात येते. तेथेच ग्राहीला अडवणारे रेणू येऊन बसतात. त्यांतील प्रमुख स्क्लेरोस्टिन. व्हॅलिनने त्या जागेचा आकार थोडा बदलला आणि अडवणाऱ्याची पकड सैल झाली. या कुटुंबांत बांधकामाचा हुकूम अधिक जोराने दिला जात नव्हता. त्याला थोपवणारा लगाम ढिला पडला होता.

स्क्लेरोस्टिनची ओळखही दुर्मिळ आजारांनीच करून दिली. दक्षिण आफ्रिकेतील डच वंशाच्या आफ्रिकानर समाजात स्क्लेरोस्टिओसिस नावाचा आजार आढळतो. नेदरलँड्समधील उर्क या मच्छीमारांच्या गावात, जे एके काळी बेट होते, त्याच्याशी साम्य असलेला व्हान बुखेम आजार आढळतो. दोन्हींत हाड वाढतच राहते. कवटी जाड होत जाते, तिच्यातून बाहेर पडणाऱ्या मज्जातंतूंच्या वाटा अरुंद होतात, चेहऱ्याचा पक्षाघात होतो आणि बहिरेपणा येतो. स्क्लेरोस्टिओसिसमध्ये मेंदूवरील दाब इतका वाढू शकतो की अकस्मात मृत्यू ओढवतो. २००१-०२ मध्ये या आजारांचे मूळ सापडले. आफ्रिकानर रुग्णांत स्क्लेरोस्टिनचे जनुकच बिघडलेले होते. उर्कच्या रुग्णांत जनुक शाबूत होते, पण त्याच्या शेजारचा ५२,००० अक्षरांचा तुकडा गळला होता आणि त्यात त्या जनुकाला हाडांत चालू करणारी कळ होती. स्क्लेरोस्टिन एलआरपी-५ आणि एलआरपी-६ यांनाच अडवते, हे २००५ मध्ये सिद्ध झाले. तीन खंडांवरील काही कुटुंबांची दुखणी अशा रीतीने एका रेणूच्या पृष्ठभागावर येऊन मिळाली.

हा लगाम ओढणाऱ्या पेशी हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या असतात. त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. बारीक नलिकांतून एकमेकींना हात देत त्यांचे जाळे सगळ्या हाडभर पसरलेले असते. हाडावर भार पडला की ते अगदी किंचित वाकते, नलिकांतील द्रव हलतो आणि या पेशींना तो ताण कळतो. मग त्या स्क्लेरोस्टिन कमी करतात, म्हणजे भार पडतो तेथेच लगाम सुटतो. भारानुसार हाड आपली घडण बदलते, हा नियम जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला होता. त्याला रेणूंची भाषा मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. एलआरपी-५ नसलेल्या उंदरांच्या हाडांवर भार दिला तर ती पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. बलाचे रूपांतर रसायनात होण्याच्या वाटेवरचा हा एक नाकाच आहे.

उलट प्रयोग अवकाशात होतो. तेथे हाडांवर भार नसतो आणि अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाचे वस्तुमान दरमहा साधारण १ ते १.५ टक्के घटते. जुलै २०११ मध्ये अटलांटिस यानाच्या अखेरच्या फेरीत उंदीरही पाठवले होते. त्यांतील काहींना स्क्लेरोस्टिन निष्प्रभ करणारे प्रतिपिंड टोचलेले होते. भार नसतानाही लगाम सोडला तर हाड टिकते का, हे त्यात पाहायचे होते आणि ते टिकले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर घालवलेला काळ तीन आठवड्यांहूनही कमी होता. परंतु भारतीय अंतराळवीर महिनोन्महिने कक्षेत राहू लागतील, तेव्हा त्यांच्या हाडांचा प्रश्न याच रेणूपाशी येऊन ठेपेल.

ही हकीकत इतकी सरळ उलगडत गेली असे मात्र कोणी समजू नये. नोव्हेंबर २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील जेरार्ड कार्सेंटी यांच्या प्रयोगशाळेने एक धक्कादायक प्रबंध प्रसिद्ध केला. त्याचे पहिले लेखक होते विजय यादव, ज्यांचे संशोधन पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेशीही जोडले गेले. एलआरपी-५ हाडात काम करतच नाही, ते आतड्यात सेरोटोनिनची निर्मिती रोखते आणि रक्तातील सेरोटोनिनमार्फत हाडावर परिणाम घडवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. खरे ठरले असते तर औषधांची दिशाच बदलली असती. हाडाकडे जाण्याऐवजी आतड्यातील एक विकर रोखणे पुरले असते. २०११ मध्ये वॉर्मन यांच्यासह अनेक प्रयोगशाळांनी मिळून उत्तर प्रसिद्ध केले. त्यांनी उंदरांच्या केवळ ऑस्टिओसाइट पेशींत एलआरपी-५ चे घट्ट हाडांचे रूप चालू केले, तेव्हा हाड वाढले. केवळ आतड्यात चालू केले, तेव्हा काहीच झाले नाही. सेरोटोनिन बनवणारे जनुक काढून टाकूनही हाडांत फरक पडला नाही. वैज्ञानिकांचा कल तेव्हापासून हाडाच्या बाजूने आहे. विद्यार्थ्यांनी या वादातून एक गोष्ट अवश्य उचलावी. कोणी कोणाला खोटे म्हटले नाही. प्रश्न असा मांडला गेला की उंदराचे हाडच साक्ष देईल, आणि त्या साक्षीवर निवाडा झाला.

औषध याच वाटेने आले. स्क्लेरोस्टिनला पकडून ठेवणारे रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंड २०१९ च्या जानेवारीत जपानमध्ये आणि एप्रिलमध्ये अमेरिकेत मान्य झाले. महिन्यातून एकदा, असे १२ महिने ते टोचले जाते. रजोनिवृत्तीनंतरच्या ७,१८० स्त्रियांवरील चाचणीत, वर्षअखेर, औषधाचा अंश नसलेले इंजेक्शन घेतलेल्यांच्या तुलनेत मणक्यांचे नवे अस्थिभंग ७३ टक्क्यांनी कमी आढळले. ४,०९३ स्त्रियांवरील दुसऱ्या चाचणीत, आधी हे औषध आणि मग अलेंड्रोनेट घेणाऱ्यांत, केवळ अलेंड्रोनेट घेणाऱ्यांपेक्षा दोन वर्षांत मणक्यांचे अस्थिभंग ४८ टक्क्यांनी कमी झाले. पण त्याच चाचणीच्या पहिल्या वर्षात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २.५ टक्के स्त्रियांत घडल्या आणि तुलनेच्या गटात १.९ टक्के. हा फरक औषधामुळे, की अलेंड्रोनेटच्या संरक्षणामुळे, की निव्वळ योगायोगाने, यावर चर्चा चालू आहे. म्हणून औषधासोबत ठळक इशारा छापला जातो आणि नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका आलेल्यांना ते दिले जात नाही. लगाम काढताना तो शरीरात आणखी कोठे लावलेला आहे याचे भान ठेवावे लागते.

येथे थांबून जमाखर्च मांडायला हवा. लाभ झाला तो वार्धक्याने हाडे विरळ झालेल्या असंख्य स्त्रियांना. ज्यांच्या शरीरांनी हे ज्ञान दिले त्यांना काय मिळाले? स्क्लेरोस्टिओसिसच्या रुग्णाला आजही कवटी उघडून दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागते. लगाम घट्ट करणारे औषध त्याच्यासाठी कोणी बाजारात आणलेले नाही. ज्या मुलांत एलआरपी-५ नाहीच, त्यांची दृष्टी परत येत नाही. हाडांसाठी थोडी आशा आहे. २०१३ मध्ये एलआरपी-५ नसलेल्या उंदरांना स्क्लेरोस्टिनविरोधी प्रतिपिंड दिले, तेव्हा त्यांचीही हाडे बळकट झाली. बहुधा भावंड असलेले एलआरपी-६ मोकळे झाल्यामुळे हे घडले. पण जगभर विखुरलेल्या मूठभर मुलांसाठी मोठी चाचणी कोण भरवणार? बाजाराचे गणित येथे अपुरे पडते, आणि विज्ञानाने घेतलेले ऋण अशा जागी उघडे पडते.

भारतात या ऋणाची जाणीव अधिक असायला हवी. दुर्मिळ व्यक्तीने विज्ञानाला शिकवावे याचे एक नामांकित उदाहरण मुंबईचे आहे. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा रक्तगट नोंदवला, की ज्याच्या तांबड्या पेशींवर ए किंवा बी तर नाहीच, पण 'ओ' गटातही असणारा एच हा पायाभूत घटकही नव्हता. तो आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. भारतात तो साधारण १०,००० त एका व्यक्तीत आढळतो. पेशीच्या पृष्ठभागावर काय असते हे, जेथे ते नाही अशा माणसांमुळे कळले. एलआरपी-५ च्या बाबतीत जे घडले, त्याच जातीची ही गोष्ट. फरक एवढाच, की या रक्तगटाच्या माणसाला त्याच गटाचे रक्त लागते, म्हणून दात्यांच्या याद्या ठेवल्या जातात आणि त्याच्या दुर्मिळपणाची काहीतरी दखल घेतली जाते.

पिढ्यानपिढ्या जातीत, पोटजातीत आणि काही प्रदेशांत नात्यांत लग्ने होत आल्याने आपल्याकडे अप्रभावी जनुकीय आजारांना वाव मिळतो. एकच बिघडलेली प्रत आईकडूनही येते आणि वडिलांकडूनही. उर्कच्या बेटावर समुद्राने जे केले ते आपल्याकडे रूढीने केले. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणानुसार देशात उत्कृष्टता केंद्रे नेमली गेली. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांतील एक. २०२२ पासून पात्र रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मात्र साहाय्य मिळण्याआधी आजाराला नाव मिळावे लागते. वारंवार हाड मोडणारे आणि डोळ्यांनी न दिसणारे मूल खेड्यातल्या दवाखान्यात येते तेव्हा हाड एकाकडे आणि डोळा दुसऱ्याकडे दाखवला जातो. दोघांचा धागा एक आहे हे ओळखणारा तिसरा भेटेपर्यंत पायाची हाडे पुन्हा मोडलेली असतात.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. 'जीनोमइंडिया'तील १०,००० माणसे निरोगी आहेत, आणि हेच त्या विदेचे मोल आहे. आजारी मुलाच्या जनुकसंचात लक्षावधी बदल असतात. त्यांतले निरुपद्रवी कोणते आणि घातक कोणता, हे त्याच मातीतील निरोगी माणसांशी ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही. युरोपीय लोकांच्या विदेवर भारतीय मुलाचा बदल तपासला, तर येथे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदलही तेथे दुर्मिळ आणि म्हणून संशयास्पद दिसू शकतो. तेव्हा हा मोठा आकडा कामी यावा तो सर्वांत लहान आकड्यासाठी. देशातील एखाद्या वसतिशाळेत पांढरी काठी आणि कुबडी दोन्ही घेऊन चालणारे जे मूल असेल, त्याच्या १,६१५ दुव्यांच्या साखळीत नेमका कोणता दुवा तुटला आहे, हे सांगता येण्यासाठी.